आगमनकाळात आणि उपवासकाळात गौरवगीत का थांबते?

संधिप्रकाश यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेली काही वर्षे मी चर्चमध्ये रविवारच्या ख्रिस्तयागात, म्हणजे मिस्सात, ऑर्गन वाजवतो, आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी माझ्याकडून दर वर्षी एकच चूक होते. ‘प्रभू, दया कर’ संपले की माझी बोटे सवयीने गौरवगीताच्या पहिल्या सुरावर जाऊन बसतात, क्वचित तो सूर वाजूनही जातो, आणि तेवढ्यात धर्मगुरू ‘आपण प्रार्थना करू या’ असे म्हणून पुढे गेलेले असतात. मागच्या रांगेतले कोणीतरी हसते. चूक क्षुल्लक आहे, पण यंदा तिनेच मला विचारात पाडले.

नाताळापूर्वीच्या आगमनकाळाचे चार रविवार आणि राखेच्या बुधवारी सुरू होणारा, पुनरुत्थानसणाच्या आधीचा उपवासकाळ, ज्याला आपल्यापैकी पुष्कळजण लेंट म्हणतात, या दोन्ही काळांत ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’ हे गीत आपण गात नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मला याचे एवढेच कारण सांगितले गेले होते, की हे पश्चात्तापाचे काळ आहेत आणि आनंदाचे गीत तेव्हा शोभत नाही. लहानपणी ते उत्तर पुरले, आता पुरत नाही. देवाचे गौरव आपल्या मनःस्थितीवर अवलंबून नसते; डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते कमी आणि पंचविसाव्या तारखेला अधिक, असे काही होत नाही. जे अनादी आहे ते पंचांगात कसे बसवायचे, आणि बसवले तर काही आठवडे ते बाजूला ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा पेच याहून मोठा आहे. उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी, तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या प्रत्येक वर्षी, आम्ही प्रभूच्या रूपांतराचा प्रसंग ऐकतो: डोंगरावर त्याचे मुख सूर्यासारखे प्रकाशले, वस्त्रे शुभ्र झाली, मोशे आणि एलीया दिसले, मेघातून वाणी आली. म्हणजे ज्या काळात गौरवगीत गायचे नाही, नेमक्या त्याच काळात गौरवाचा सर्वांत उघडा प्रसंग वाचायचा. ही विसंगती आहे, की यामागे काही योजना आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘परंपरा आहे म्हणून’ हे उत्तर मला आधीच मिळालेले आहे.


जुनी प्रार्थनावही यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाहेर काढतो. गौरवगीत ‘थांबते’ असे आपण म्हणतो तेव्हा ते मुळात वर्षभर चालू होते असे आपण धरून चालतो. रोमच्या उपासनेचा इतिहास उलटा आहे. तिथे हे गीत सणाचे होते. पोप सिमाकस, ज्यांचा कार्यकाळ ४९८ ते ५१४ असा आहे, यांनी ते रविवारी आणि हुतात्म्यांच्या सणांना म्हणण्याची मोकळीक दिली, आणि तीही बिशप ख्रिस्तयाग अर्पण करीत असतील तेव्हाच. साध्या धर्मगुरूंना पुढे कित्येक शतके ते फक्त पुनरुत्थानदिनी म्हणता येत असे. तेव्हा आगमनकाळात आणि उपवासकाळात ते कोणी काढून घेतले असे समजण्यापेक्षा, सणांकडून रविवारांकडे सरकत आलेले हे गीत या दोन काळांच्या उंबरठ्याशी येऊन थांबले, असे समजणे इतिहासाला अधिक धरून आहे.

आता काय थांबते आणि काय थांबत नाही, हे नीट पाहू. प्रत्येक ख्रिस्तयागात, मग तो राखेच्या बुधवारचा का असेना, आपण ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे गीत गातो, आणि स्वर्ग व पृथ्वी तुझ्या गौरवाने भरली आहेत असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हणतो. संदेष्टा यशया याने मंदिरात ऐकलेले सराफीम नावाच्या स्वर्गीय दूतांचे गाणे ते हेच. दैनिक प्रार्थनेत प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना गौरव’ ही ओळ उपवासकाळातही येते. म्हणजे गौरवाचा उच्चार एकही दिवस बंद नसतो. विराम मिळतो तो एका विशिष्ट गीताला, आणि त्या गीताची पहिली ओळ देवदूतांची आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांनी ती रात्री उघड्या माळावर ऐकली.

आगमनकाळापुरते तुमचे उत्तर इथेच आहे, असे मला वाटते. हे ख्रिस्तजन्माच्या रात्रीचे गाणे आहे, म्हणून त्या रात्रीपूर्वीचे चार आठवडे ते मिटून ठेवतात. पश्चात्ताप हे त्याचे मुख्य कारण नव्हे. तसे असते तर आगमनकाळात ‘आलेलुया’ही गाळला असता. तो आपण गातो. उपवासकाळात मात्र दोन्ही जातात. हा फरक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि दोन्ही काळांची वस्त्रे जांभळी असल्यामुळे ते काळही एकाच स्वभावाचे असावेत असे वाटत राहते. अपवादही आहेत: ८ डिसेंबरच्या आणि २५ मार्चच्या महोत्सवांना गौरवगीत गायले जाते, मग ते दिवस या काळांत का येईनात.

उपवासकाळाच्या शेवटी जे घडते ते ऑर्गनवादकाने तर मुद्दाम अनुभवावे असे आहे. पवित्र गुरुवारी सायंकाळी गौरवगीत परत येते, त्याच्याबरोबर घंटा वाजतात, आणि मग त्या घंटा मुक्या होतात. पुष्कळ ठिकाणी पुढचे दोन दिवस लाकडी खुळखुळ्यासारखे एक वाद्य वापरतात. त्याचा कोरडा खडखडाट एकदा ऐकला की विसरत नाही. शनिवारी रात्री जागरणविधी अंधारात सुरू होतो. बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती लावतात, मग जुन्या करारातली वाचने होतात, जास्तीत जास्त सात. वेळेअभावी काही गाळली तरी तांबडा समुद्र ओलांडल्याचे वाचन गाळता येत नाही. ते संपल्यावर वेदीवरच्या मेणबत्त्या लावल्या जातात, धर्मगुरू गौरवगीत सुरू करतात आणि घंटा पुन्हा बोलतात. आलेलुयाला मात्र आणखी थोडे थांबावे लागते. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले बाप्तिस्म्याविषयीचे वाचन झाले की मगच तो येतो. हा क्रम ज्यांनी बसवला त्यांना गाण्याचे काही एक कळत होते.

जाता जाता, तुम्ही विचारलेले नाही तरी सांगतो. गौरवगीताच्या रिकाम्या जागी दुसरे एखादे गीत घालण्याची हौस काही गायनवृंदांना असते. ती टाळावी. रोमन नियमांप्रमाणे उपवासकाळात ऑर्गनही गायनाला आधार देण्यापुरताच वाजवायचा असतो; चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे सोडून. ती जागा रिकामीच राहायला हवी.


लघुगुरु यांचे उत्तर

वरील उत्तर विधीच्या बाजूने परिपूर्ण आहे. मी शब्दाच्या बाजूने येतो, कारण तुमच्या दुसऱ्या पेचाची, म्हणजे रूपांतराच्या वाचनाची, किल्ली मला शब्दातच सापडली.

‘गौरव’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झळाळी येते. इब्री भाषेत ज्या शब्दासाठी आपण हा शब्द योजतो तो ‘काबोद’, आणि त्याच्या मुळाशी जडपणा आहे, वजन आहे. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात त्याच्यासाठी कुठे तेज, कुठे महिमा, कुठे वैभव आले आहे. निर्गम या पुस्तकात निवासमंडप भरून टाकते ते तेज, आणि एकोणिसाव्या स्तोत्रात आकाश वर्णिते तो महिमा. या सगळ्यांत मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा शब्द कोणता, तर गौरवच. शाळेत वृत्ते शिकताना लघु आणि गुरु मात्रा आपण मोजल्या आहेत; गुरु म्हणजे जड, आणि गुरूपासून गौरव, जसे लघूपासून लाघव. सभेत शाल देऊन एखाद्याचा गौरव होतो तेव्हा हे वजन आपल्या ध्यानात राहत नाही, पण शब्दाने ते टाकलेले नाही.

हे वजन शास्त्रात किती शब्दशः आहे त्याचे एक उदाहरण देतो. पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण असलेली पेटी, इस्राएलाचे शत्रू पलिष्टी घेऊन जातात. ती बातमी ऐकून म्हातारा याजक एली आसनावरून मागे पडतो आणि मान मोडून मरतो, कारण तो वृद्ध होता आणि अंगाने जड होता. ‘जड’ यासाठी तिथे काबोदच्याच धातूचा शब्द आहे. तीन वचने पुढे त्याची सून प्रसूत होते आणि मुलाचे नाव ईखाबोद ठेवते: इस्राएलातून काबोद गेले. शरीराचे वजन जमिनीवर कोसळलेले आणि देवाचे वजन निघून गेलेले, हे दोन्ही एकाच पानावर. लिहिणाऱ्याने हे नकळत केले असेल असे मला वाटत नाही.

नव्या करारातला ग्रीक शब्द ‘डोक्सा’ वेगळ्या घरातून आला. त्याचा रोजच्या वापरातला अर्थ मत, लौकिक असा होता. इब्री शास्त्राचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी काबोदसाठी तो घेतला आणि त्याच्यात वजन आणि तेज दोन्ही भरले.

आता मोशेकडे या. निर्गमाच्या तेहतिसाव्या अध्यायात तो देवाला म्हणतो, मला तुझे तेज दाखव. देव काय दाखवतो? माझे सर्व चांगुलपण तुझ्यापुढून जाईल, असे तो म्हणतो, आणि पुढच्या अध्यायात प्रत्यक्षात जे घडते ते बहुतेक सगळे ऐकण्याचे आहे: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध असे देव आपले नाव उच्चारतो. मोशे खडकाच्या कपारीत आहे, त्याच्यावर देवाचा हात आहे, आणि मुख दिसत नाही. हाच मोशे रूपांतराच्या डोंगरावर येशूपाशी उभा आहे. लूकने इथे एक तपशील दिला आहे जो मत्तय आणि मार्क यांच्यात नाही. मोशे आणि एलीया गौरवाने युक्त दिसले आणि येशू यरुशलेमेत जे पूर्ण करणार होता त्या त्याच्या ‘निर्गमना’विषयी बोलत होते. मूळ ग्रीक शब्द ‘एक्सोडोस’च आहे, निर्गम या पुस्तकाचे ग्रीक नाव तेच. झळाळी डोंगरावर आहे, पण संभाषण मरणाचे चालले आहे. हा उतारा उपवासकाळात का वाचतात, हे याहून वेगळे काय सांगावे?

पेत्राची सूचना आठवा: आपण तीन मंडप करू या. मला त्याचा फार लळा आहे, कारण त्याने जे मागितले ते आपण सगळेच मागतो: हा ऋतू असाच राहू दे. त्याचे बोलणे संपायच्या आतच मेघ येतो.

योहानाच्या शुभवर्तमानात तर रूपांतराचा प्रसंगच नाही. तिथे गौरव कुठे आहे ते तेराव्या अध्यायात पाहावे. येशू भाकरीचा तुकडा बुचकळून यहूदाला देतो, यहूदा ताबडतोब बाहेर जातो, आणि योहान दोनच शब्द लिहितो: रात्र होती. त्याच्या पुढचेच वाक्य येशूचे आहे: आता मनुष्याच्या पुत्राचे गौरव झाले आहे. विश्वासघातकी माणसाच्या मागे दार लागते आणि ‘आता’ हा शब्द येतो. चर्चच्या वर्षाचे सगळे काळ मला या ‘आता’भोवती फिरताना दिसतात. नाताळ, प्रकटीकरणाचा सण, उपवासकाळ, पुनरुत्थान ही गौरवाच्या कमीअधिक प्रमाणाची कोष्टके नाहीत. ते वजन पेलायचे तर एका दिवसात पेलत नाही, म्हणून ते वर्षभरात वाटून दिलेले आहे.


उघडे पुस्तक यांचे उत्तर

मी ज्या मंडळीत वाढलो तिथे हे पंचांग पाळत नाहीत, तेव्हा माझे म्हणणे थोडे आडवे वाटेल. ते मोकळेपणाने ऐकून घ्यावे.

गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल तक्रारीच्या सुरात लिहितो, की तुम्ही दिवस, महिने, सणांचे समय व वर्षे पाळता. कलस्सैकरांस पत्रात तो सण, अमावास्या आणि शब्बाथ यांना छायेच्या जागी ठेवतो. स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट सुधारकांनी १५६० मध्ये आपल्या शिस्तग्रंथात नाताळासकट सगळे सण शास्त्राधार नाही म्हणून वगळले. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ आणि ईस्टर हे सण रद्द केले, आणि गंमत अशी, की माणसाचे मुख्य ध्येय देवाचे गौरव करणे व सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणे हे आहे, असे सांगणारी वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी त्याच वर्षी तयार झाली. म्हणजे सण पुसणारे लोक गौरवाविषयी उदासीन नव्हते. गौरव सणांत अडकू नये, प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच असावा, असा त्यांचा आग्रह होता. संधिप्रकाश यांचा पहिला प्रश्न, अनादीला पंचांगात बसवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांचाच प्रश्न आहे, आणि वरच्या दोन्ही उत्तरांनी त्याला पुरेसा हात घातलेला नाही. अंधार, अग्नी, घंटा यांचे वर्णन वाचताना मला मोह झाला हे कबूल करतो, पण मोह होणे आणि आधार असणे यांत अंतर आहे.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. आमच्या एका पाळकांनी रोमकरांस पत्रावर ओळीने प्रवचने दिली. ती तीन वर्षे चालली. उत्तम प्रवचने होती. परंतु त्या तीन वर्षांत वधस्तंभाची कथा शुभवर्तमानातून सलग एकदाही वाचली गेली नाही. सिद्धांत म्हणून वधस्तंभ दर रविवारी होता. पेत्राने शेकोटीजवळ केलेला नकार, पिलाताने हात धुण्यासाठी घेतलेले पाणी, हे काहीच नव्हते. पंचांग नसले की निवड पाळकांच्या आवडीवर जाते, आणि माणसाची आवड हेही एक पंचांगच असते, फक्त ते कोणी छापलेले नसते. तरीही माझे मत असे, की ज्याला हे काळ पाळायचे त्याने सोय म्हणून पाळावेत. पाळले नाहीत म्हणून कोणाला उणे मानू नये. रोमकरांस चौदाव्या अध्यायात पौलानेच ही मोकळीक दिली आहे: कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कोणी सगळे सारखे मानतो.


पूर्वेची खिडकी यांचे उत्तर

आतापर्यंतची चर्चा पश्चिमेकडच्या परंपरांमध्येच फिरते आहे, म्हणून पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स उपासनेतल्या दोनतीन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. बायझंटाइन परंपरेत उपवासकाळात आलेलुया बंद होत नाही. उलट त्या काळातल्या आठवड्याच्या दिवशी प्रातःप्रार्थनेत एरवीच्या ‘प्रभू हाच देव आहे’ या गीताच्या जागी आलेलुयाच येतो. तिथे तो उपवासाचा सूर आहे. म्हणजे कोणता शब्द कोणत्या काळात शोभतो हे आकाशातून ठरून आलेले नाही. उघडे पुस्तक यांना यात आपल्या बाजूचा पुरावा दिसेल; मला असे दिसते, की दोन्हीकडे उपवास हा कान तयार करण्यासाठी आहे, एकाने मौन वापरले आणि दुसऱ्याने पुनरुक्ती.

दुसरी गोष्ट तुमच्या पेचाला थेट लागू आहे. पश्चिमेत उपवासकाळाचा दुसरा रविवार रूपांतराचा. पूर्वेत तोच दुसरा रविवार ग्रेगरी पालामास यांचा. चौदाव्या शतकातले हे थेस्सलनीकाचे आर्चबिशप. डोंगरावर शिष्यांनी पाहिलेला प्रकाश हा निर्माण केलेला, तेवढ्यापुरता उजळलेला प्रकाश नव्हता, तर देवाचे स्वतःचे अनिर्मित तेज होते, असे त्यांनी मांडले, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ व १३५१ च्या धर्मसभांनी ते मान्य केले. देवाचे सार माणसाला कधीच गवसत नाही, पण त्याचे सामर्थ्य आणि प्रकाश यांत माणूस खरोखर सहभागी होतो, असा त्यांचा भेद आहे. त्यावरून डोंगरावर बदलला तो येशू नव्हेच. तो होता तसाच होता, बदलली ती तिघा शिष्यांची दृष्टी, असे पूर्वेकडे आवर्जून सांगतात. अनादी गौरव कमीजास्त कसे होईल, या तुमच्या शंकेला यात एक उत्तर आहे. पश्चिमेने आणि पूर्वेने ठरवून हे दोन रविवार जुळवलेले नाहीत, तरी उपवासाच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्हीकडे तोच प्रकाश समोर येतो, याचे मला दर वर्षी अप्रूप वाटते.

रूपांतराचा स्वतंत्र सण ६ ऑगस्टला आहे. पूर्वेत तो फार जुना. पश्चिमेत पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी १४५७ मध्ये तो सर्वत्र लागू केला, आदल्या वर्षी बेलग्रेडला तुर्कांवर मिळालेल्या विजयाची आठवण म्हणून. ६ ऑगस्टपासून दोन्ही टोके धरून मोजत गेलात तर चाळिसावा दिवस १४ सप्टेंबर येतो, आणि तो पवित्र क्रुसाच्या उन्नतीचा सण आहे. डोंगर आणि क्रूस यांच्यामध्ये, उपवासकाळासारखेच, तिकडच्या उन्हाळ्यातही चाळीसच दिवस.

शेवटची गोष्ट डोळ्यांनी पाहण्याची आहे. पश्चिमेतल्या क्रुसावर पिलाताने लिहवलेल्या लेखाची चार लॅटिन आद्याक्षरे, INRI, असतात: नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा. पूर्वेकडच्या कित्येक क्रूसचित्रांवर त्या जागी दुसरेच लिहिलेले असते. मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले, बरगडीतून रक्त आणि पाणी, आणि वरच्या पाटीवर: गौरवाचा राजा.


संधिप्रकाश

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या पेचाचे समाधान झाले. पहिल्याविषयी उघडे पुस्तक यांचा आक्षेप मला अजून टोचतो आहे आणि तो तसाच टोचत राहावा असे वाटते.

एकच गोष्ट राहिली. मोठ्या काळांविषयी बोलणे झाले, पण वर्षाचा बहुतेक भाग हिरव्या वस्त्रांचा असतो, ज्याला आपण सामान्य काळ म्हणतो. तेव्हा गौरवगीत दर रविवारी असते, आणि खरे सांगायचे तर तेव्हाच ते सर्वांत निष्काळजीपणे वाजवले जाते. माझ्याकडूनही. त्या काळाचे काय?


जुनी प्रार्थनावही

‘सामान्य’ हा शब्दच थोडा फसवा आहे. लॅटिन नाव केवळ ‘वर्षभरातला काळ’ असे आहे, आणि इंग्रजी नावाच्या मागे क्रमाने मोजण्याचा अर्थ आहे: दुसरा रविवार, तिसरा रविवार, असे करत तेहतीस किंवा चौतीस आठवडे. त्यात सण नाही, उपवास नाही, मोजणी आहे. शास्त्रातले एखादे पुस्तक ओळीने घ्यायची उघडे पुस्तक यांच्या मंडळीची पद्धत आमच्याकडे याच काळात असते. मत्तय, मार्क किंवा लूक यांचे शुभवर्तमान, वर्षाला एक; त्या वर्षांना अनुक्रमे ‘अ’, ‘ब’, ‘क’ म्हणतात. ‘ब’ वर्षी, तेवढ्या पाच रविवारी, योहानाचा सहावा अध्याय मध्ये येतो.

या मोजणीचा शेवटचा रविवार ख्रिस्तराजाचा. सण नवा आहे. पोप पायस अकरावे यांनी तो १९२५ मध्ये सुरू केला, तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या सुधारित पंचांगाने तो वर्षाच्या अखेरीस नेला. राजाचा सण म्हटल्यावर तीन वर्षांच्या चक्रात कोणती शुभवर्तमाने निवडली आहेत ती पाहा. ‘अ’ वर्षी मत्तयाचा पंचविसावा अध्याय: मनुष्याचा पुत्र गौरवाने येऊन आपल्या वैभवी राजासनावर बसतो, आणि बसल्यावर विचारतो ते भुकेल्याला अन्न दिले का, तुरुंगात भेटायला गेलात का. ‘ब’ वर्षी योहान: हात बांधलेला राजा पिलातापुढे उभा आहे. ‘क’ वर्षी लूक: राजा क्रुसावर आहे, भोवती थट्टा चालली आहे, आणि त्याला राजा म्हणून ओळखणारा माणूस एकच आहे, शेजारच्या क्रुसावरचा गुन्हेगार. ‘तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर.’ वर्षाच्या कळसावर नेमून ठेवलेल्या या तीन वाचनांपैकी एकातही पुनरुत्थानाची सकाळ नाही, रूपांतराचा डोंगर नाही.

त्या रविवारी तुम्ही गौरवगीत वाजवाल. ‘क’ वर्ष असेल तर ते गीत आणि त्या गुन्हेगाराचे वाक्य यांच्यामध्ये फार तर पंधरा मिनिटे जातील. पुढच्या रविवारी आगमनकाळ.


संधिप्रकाश

आमच्या गायनवृंदाशी बोललो. आगमनकाळात त्या जागी आम्ही गेल्या वर्षीपर्यंत एक लहानसे गीत घालत होतो, ते या वेळी काढले आहे. ‘प्रभू, दया कर’ संपल्यावर मी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवायचे, असे ठरले आहे. गायकांनी एक अट घातली: मी चुकलोच, तर हसण्याचा हक्क त्यांना राहील.